सरपणावरचे वेषधारी

आमच्या घरामागे सरपणाची खोप आहे. पावसाच्या बेगमीचं लाकूड एप्रिल संपता संपता तिथे रचून होतं. काजूच्या छाटलेल्या फांद्या, किंदळाचे आणि मतीचे ओंडके, वाऱ्याने पडलेल्या फणसाची एखादी खांदी. गॅस येऊन कैक वर्षं झाली, तरी आंघोळीचं पाणी, उकड्या तांदळाची पेज आणि चतुर्थीचा मोठा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो, म्हणून ही रास दर वर्षी लागते. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर बहुतेक घरांमागे अशी एक रास दिसेल.

तीन वर्षांपूर्वी, मेच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी मी तिथे दोन लाकडं काढायला वाकले आणि हात झटकन मागे घेतला. काजूच्या फांदीवर गांधील बसली होती. काळं अंग, त्यावर पिवळे पट्टे. दोन पावलं धावायची, थबकायची, शृंगिका थरथरवायची, पुन्हा धावायची. लहानपणी कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, गांधीलमाश्यांच्या पोळ्याला धक्का लागून सुजलेला कान मला अजून आठवतो. मी दोन हात लांब उभी राहून ती उडायची वाट पाहू लागले. माझी पुतणी बरोबर होती, तेव्हा नववीत. ती माझ्या पुढे जाऊन वाकली आणि म्हणाली, "काकी, हिला कंबर नाही."

खरंच नव्हती. गांधीलमाशीची कंबर दोऱ्यासारखी बारीक. इथे डोक्यामागून शेपटापर्यंत सगळं अंग सलग, नळीसारखं. मधोमध आडवा गेलेला फिका पट्टा तेवढा त्याचे दोन तुकडे झाल्याचा भास करून देत होता. मग त्या जिवाने पाठ उघडली. पट्ट्यांची पाठ मधल्या रेषेवर दुभंगली, दोन कडक झाकणं बाजूला झाली, त्यांच्याखालचे घडी घातलेले पातळ पंख उलगडले आणि तो उडून पोफळीत दिसेनासा झाला. भुंगेरा होता तो. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. अनुकृती, म्हणजे एका जिवाने दुसऱ्याचा वेष घेणं, हा विषय मी कितीतरी वर्षं दूरदेशच्या फुलपाखरांची उदाहरणं देऊन शिकवला, आणि आमच्याच खोपीतलं उदाहरण मला एका शाळकरी मुलीने दाखवलं. त्या रात्री ठरवलं की याचं नाव शोधायचं. आठवडाभराचं काम आहे असं वाटलं होतं.

सुरुवात कुलापासून केली. ढालपंखी कीटकांच्या, म्हणजे भुंगेऱ्यांच्या, वर्णन झालेल्या जातीच साडेतीन लाखांच्या वर आहेत. त्या गर्दीत शिरताना निदान कुठल्या घरात शिरायचं ते तरी कळायला हवं. दोन दिवसांनी राशीच्या बुडाशी एक मेलेला भुंगेरा सापडला. तो मी शाळेतल्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली ठेवला. डोळा वाटाण्यासारखा गोल नव्हता, मूत्रपिंडासारखा होता, आतल्या बाजूने खाच असलेला, आणि शृंगिका बरोबर त्या खाचेपाशी उगवलेली. शृंगिकेचे खंड मोजले, अकरा भरले. नांगी असलेल्या गांधीलमाशीच्या मादीला बारा असतात, नराला तेरा. मग पावलांकडे वळले. प्रत्येक पावलाचे चारच खंड दिसत होते. पुस्तक सांगत होतं की पाच हवेत. तासभर पाय उलटसुलट करून पाहिला, तेव्हा तिसऱ्या खंडाच्या दोन पाळ्यांच्या बेचक्यात दडलेला मण्याएवढा चौथा खंड दिसला. पाचवा त्याच्या पुढचा, नखांचा. लांबशिंग्या भुंगेऱ्यांची ही खूण आहे. कुलाचं नाव सेरॅम्बिसिडी.

घरी सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "म्हणजे आंब्याच्या भिरुडाचा भाऊबंद?" बाबांनी सगळी हयात कुळागरात काढली आहे. आंब्याच्या खोडातून भुसा गळायला लागला की तार घालून आतली अळी कशी ओढून काढायची ते त्यांना ठाऊक आहे, काजूच्या बुंध्याला लागणारा किडाही त्यांच्या ओळखीचा. हे दोन्ही लांबशिंगेच. म्हणजे त्यांनी नाव न वाचता कूळ बरोबर सांगितलं. मला वाटतं, वर्गीकरणाचं अर्धं शिक्षण मला त्या एका 'भाऊबंद' या शब्दाने दिलं. कोण कुणासारखं दिसतं हा एक प्रश्न आणि कोण कुणाचा भाऊबंद हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत मी पुढे वर्षभर करत राहिले.

या कुलातला जो गट गांधीलमाशांचं सोंग घेतो त्याचं नाव क्लायटिनी. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ एतिएन मुल्साँ याने १८३९ मध्ये तो वेगळा मांडला. जगभरात त्याच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत. बहुतेकांच्या अळ्या वाळत्या नाहीतर मेलेल्या लाकडात वाढतात, आणि पूर्ण वाढलेले भुंगेरे उन्हाच्या वेळी तोडलेल्या लाकडावर जोडीदार शोधत, सालीच्या भेगांत अंडी घालत फिरतात. त्यामुळे आमची रास म्हणजे त्यांचा बाजारच होता. सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ उत्तम. ढग आले की कोणी दिसत नसे.

जाळं घेऊन रानात शिरायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं. मोलेचं किंवा म्हादईचं अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही, पण तिथून किडा उचलायलासुद्धा वन खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. आपली खोप, आपलं कुळागर, शेजाऱ्यांच्या राशी एवढी माझी हद्द. जिवंत असेल तर फोटो, मेलेला असेल तर नमुना. फार गरज पडली तरच एखादा मारला. पहिल्या हंगामात, पावसाची पहिली मोठी सर येईपर्यंत, अडतीस नमुने जमले.

ते जवळजवळ सगळे पावसात गेले. मी ते थर्माकोलवर टाचून पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले होते. जुलैत उघडून पाहिलं तर प्रत्येकावर पांढरी बुरशी, कापसासारखी. शृंगिका बोट लागताच गळून पडत होत्या. पिवळे पट्टे होते की नव्हते हेसुद्धा सांगता येईना. गोव्याच्या पावसाळ्यात चपला, पट्टे, पुस्तकांच्या पाठी हिरव्या होतात हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण किडे वाळले की वाळले, असं मी धरून चालले होते. मला त्याचं फार वाईट वाटलं. जिवंत प्राणी मारून आपण त्याचा कचरा केला, ही टोचणी आजही आहे. दुसऱ्या वर्षापासून घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, कोपऱ्यात डांबराची गोळी, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पुड्या तव्यावर तापवून परत ठेवायच्या, असा नेम धरला. तेव्हापासून एकही गेला नाही.

त्या पहिल्या अडतिसांची गत अशी झाली, तरी बुरशी येण्याआधी मी त्यांच्या सहा डब्या केल्या होत्या आणि फोटो काढले होते. डब्या कशावरून केल्या? पट्ट्यांवरून. पिवळे आडवे पट्टे ती एक डबी, पांढऱ्या रेषा ती दुसरी, राखी ठिपके ती तिसरी, असं. त्यातल्या पिवळ्या पट्टेवाल्याचा फोटो एका ओळखीच्या जाणत्या माणसाला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, कॉफीचा खोडकिडा. झायलोट्रेकस क्वाड्रिपेस. मी चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात ते लिहिलं, मनाला समाधान वाटलं, आणि काम संपलं असं समजून झोपले.

ते नाव मला टोचायला लागलं ते वेगळ्याच कारणाने. हा किडा कर्नाटकात कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांत अरेबिका कॉफीचा मोठा शत्रू आहे. त्याची मादी उन्हात उघड्या पडलेल्या जिवंत खोडाच्या सालीत अंडी घालते. सावली राखली की त्याचा त्रास कमी होतो, हे तिथल्या बागायतदारांना चांगलं ठाऊक असतं. आमच्या खोपीत मात्र एकही कॉफीचं लाकूड नव्हतं. आमचा भुंगेरा काजूच्या मेलेल्या फांदीतून निघाला होता. नाव खरं असेल तर त्याने इथे काय करावं?

तेव्हा मी मूळ ग्रंथाकडे गेले. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेतला लांबशिंग्या भुंगेऱ्यांचा खंड सी. जे. गॅहन यांनी लिहिला, तो १९०६ साली निघाला. सव्वाशे वर्षं होत आली तरी भारतातल्या या गटाकडे वळणारा माणूस आजही आधी त्याचाच दरवाजा ठोठावतो. त्यात ओळखसूची आहे. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय. हे लक्षण आहे का, मग इकडे जा. नाही, मग तिकडे जा. वाचायला सोपी, वापरायला अतिशय कठीण. कारण तिथे पट्ट्यांबद्दल पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न कपाळाबद्दल आहे.

मी एक जाड वही केली. डाव्या पानावर गॅहनचा शब्द, उजव्या पानावर माझी आकृती आणि मराठीत त्याचं वर्णन. कपाळावरचे उभे कंगोरे. शृंगिकांच्या मुळांमधलं अंतर. अग्रवक्षावरची, म्हणजे डोक्यालगतच्या वक्षखंडावरची, कानशीसारखी खरखर. मागच्या वक्षखंडाच्या बाजूची पट्टी रुंद की चिंचोळी. मागच्या पावलाचा पहिला खंड पुढच्या दोन खंडांपेक्षा लांब आहे का. प्रत्येक शब्दासाठी तो अवयव स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काढायचा, पाहिल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, हा नियम. हे काम दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं. शाळेचे पेपर तपासून झाले की रात्री नऊ ते अकरा. प्रकाशाचा प्रश्न मोठा होता. चकचकीत पाठीवर टॉर्चचा झोत पडला की कंगोरा आहे की नुसती झळाळी आहे ते कळत नसे. शेवटी टॉर्चपुढे पिठल्याच्या वाटीएवढं बटर पेपरचं छत्र धरलं, तेव्हा झळाळी विरली आणि कंगोरे वर आले.

दुसऱ्या हंगामातला पिवळ्या पट्ट्यांचा भुंगेरा त्या छत्राखाली ठेवला. कपाळावर उभे कंगोरे होते, अगदी स्वच्छ. म्हणजे झायलोट्रेकस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बरोबर. या नावाचा अर्थ लाकडावर धावणारा, आणि पहिल्या दिवशी मी पाहिलं तेही तेच. पण पाठीवरच्या रेषांची ठेवण कॉफीच्या किड्याशी जुळत नव्हती. त्या जाणत्या गृहस्थांनी कूळ आणि प्रजाती ओळखली, जात चुकली. पुढे पुण्यातल्या एका अभ्यासकांनी नमुना हातात घेऊन पाहिला आणि तो झायलोट्रेकस स्माय आहे असं सांगितलं. लापोर्त आणि गोरी या दोघा फ्रेंच अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्णन केलेला, नाना प्रकारच्या लाकडांत वाढणारा. काजूच्या फांदीतून तो निघाला यात नवल काही नाही.

खरी उलथापालथ त्याच आठवड्यात झाली, आणि ती मला सविस्तर सांगायची आहे. माझ्या एका डबीत बारीक अंगाचे, लांब पायांचे, पांढरट-पिवळ्या पट्ट्यांचे नऊ भुंगेरे होते. डोळ्यांना सगळे एका साच्यातले. मी त्यांना एक जात मानून एकच चिठ्ठी लावली होती. गॅहनच्या सूचीत पायरी आली, शृंगिकेच्या तिसऱ्या-चौथ्या खंडाच्या टोकाला काटा आहे का? मी पहिल्याच्या शृंगिकेवर भिंग नेलं. काटा होता, बारीक पण टोकदार. दुसऱ्याला होता. तिसऱ्याला नव्हता. वाटलं तुटला असेल. दुसरी शृंगिका पाहिली, तिलाही नव्हता. नऊपैकी पाचांना काटा, चौघांना नाही. काटेवाले डेमोनॅक्स, बिनकाट्यांचे राफुमा. मी एका चिठ्ठीखाली दोन प्रजाती कोंबल्या होत्या.

दोन दिवसांनी उलटा प्रकार. राखी ठिपक्यांची डबी मी वेगळी ठेवली होती. त्यातल्या एकाच्या खांद्यापाशी, ढालपंखाच्या कडेला, पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ दिसली. भिंगाचं बळ वाढवलं. ती रेघ म्हणजे केसांची ओळ होती. आडवे झोपलेले, एकमेकांना चिकटून बसलेले पिवळे केस. मग मी पिवळ्या पट्टेवाल्याकडे परत गेले. त्याचे पट्टेसुद्धा केसांचेच. रंग पाठीत नाहीच, पाठ काळी-तपकिरी आहे. तिच्यावर केसांचं मखमल पांघरलेलं असतं, आणि भुंगेरा सालीखालून सरकला, लाकडाला घासला, म्हातारा झाला की ते मखमल झिजतं. माझा राखी ठिपकेवाला म्हणजे झायलोट्रेकसच होता, जुना झालेला. कपाळावर तेच कंगोरे. दोन डब्यांत मी एकच जात ठेवली होती.

त्या रात्री मी सहाही डब्या टेबलावर रिकाम्या केल्या आणि सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. राग आला नाही. उलट एखाद्या घरात वर्षभर राहिल्यावर आतल्या खोलीचं दार सापडावं तसं वाटलं. ज्या लक्षणावर पक्षी फसतो त्याच लक्षणावर मी फसले होते. गांधीलमाशीचा वेष पाहणाऱ्यासाठी आहे. काटा, कंगोरा, बाजूची पट्टी यांच्याकडे कुठला पक्षी पाहत असेल? त्यांना फसवायचं कुणाला नाही, म्हणून तिथे नात्याच्या खुणा टिकून राहतात.

आमच्याकडे जत्रेनंतर दशावतारी काला होतो. लहानपणी रात्रभर बसून पाहायचो. लक्ष्मी होऊन आलेला माणूस कोण, हे रंगवलेल्या चेहऱ्यावरून, दागिन्यांवरून कधीच कळायचं नाही, पण लुगड्याखालून दिसणाऱ्या टाचांवरून आणि डावा पाय किंचित ओढण्यावरून आजी सांगायची, हा वरच्या वाड्यावरचा. तिचं कधी चुकलेलं मला आठवत नाही. भुंगेऱ्यांची नवी मांडणी करताना आजीचं ते बोट मला सारखं आठवत होतं.

अनुकृतीची उपपत्ती हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ साली मांडली. १८४८ पासून अकरा वर्षं ते अमेझॉनच्या खोऱ्यात राहिले. बेचव फुलपाखरांसारखा वेष खाण्याजोगी फुलपाखरं घेतात आणि त्यामुळे वाचतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. हे मी वर्गात सांगतेच. पण हेच बेट्स लांबशिंग्या भुंगेऱ्यांचे मोठे अभ्यासक होते, अमेझॉनच्या लांबशिंग्यांवर त्यांनी लेखमाला लिहिली, हे मला या कामात पडल्यावर कळलं. वेषाचं कोडं ज्याने सोडवलं त्यानेच आयुष्यभर वेषाखालची लक्षणं मोजली, हे वाचून मला धीर आला. आता वर्गात फुलपाखरांच्या चित्राबरोबर बेट्स यांच्या भुंगेऱ्यांचंही सांगते.

वेष नुसता रंगाचा नाही, हेही राशीपाशी बसूनच समजलं. हे भुंगेरे इतर लांबशिंग्यांसारखे संथ चालत नाहीत. त्यांच्या शृंगिकाही इतर लांबशिंग्यांपेक्षा आखूड, आणि त्या सतत हलत्या. मी व्हिडिओ काढून सावकाश फिरवून पाहिले. धावणं, थबकणं, दिशा बदलणं, सगळं शिकार शोधणाऱ्या गांधीलमाशीचं. चिमटीत धरलं की उदर खाली वाकवून टोचल्याचा आव आणतात, नांगी नसताना. आणि किरकिरतात. मान वरखाली करताना अग्रवक्षाची आतली कड मागच्या खवलेदार पट्टीवर घासते, त्याचा तो आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातून सुटला होता. वाळलेल्या नमुन्यात यातलं काहीच उरत नाही, म्हणून वहीत प्रत्येक नमुन्यापुढे चालीचा आणि आवाजाचा रकाना मी वाढवला. गॅहनच्या पुस्तकात तो नाही. ज्याने लंडनच्या संग्रहालयात टाचलेल्या नमुन्यांवर काम केलं त्याला तो कसा सुचावा?

बांबूची गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी चतुर्थीच्या आधी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, चौकट नवी करायची होती. माळ्यावर ठेवलेले बांबू काढले तर त्यांतून पिठासारखा भुसा सांडला. मेस्तकाका आले, त्यांनी बांबू उभा चिरला आणि आत एक फिकट पिवळा-हिरवट भुंगेरा चालत बाहेर आला. पाठीवर काळी कड्यांसारखी नक्षी. काका म्हणाले, "बाये, चुकीच्या पक्षात तोडलेला बांबू हा. अमावास्येच्या सुमाराला तोडून व्हाळात महिनाभर बुडवला असता तर लागला नसता." अमावास्येचं मला सांगता येत नाही, पण पाण्यात बुडवण्याला अर्थ आहे. बांबूतलं पिठूळ पाण्यात निघून जातं आणि अळीला खायला उरत नाही.

या भुंगेऱ्याचं नाव मला अर्ध्या तासात सापडलं, कारण तो खरोखर ओळखीचा आहे. क्लोरोफोरस अॅन्युलॅरिस. फॅब्रिसियस या लिनियसच्या शिष्याने अठराव्या शतकातच, १७८७ साली, त्याचं वर्णन केलं. प्रजातीच्या नावात हिरवा रंग आहे, जातीच्या नावात कडं. वाळक्या बांबूत अळी वाढते, म्हणून बांबूच्या सामानाबरोबर तो आशियातून जगभर जाऊन पोहोचला. गॅहनच्या पुस्तकात तो जुन्या प्रजातीनावाखाली आहे. नावं बदलतात, ही गोष्टसुद्धा मला सुरुवातीला अस्वस्थ करायची. आता कळतं की नाव बदलणं म्हणजे कुणीतरी पुन्हा डब्या रिकाम्या केल्या.

पुण्याच्या त्या अभ्यासकांचं मी आधी सांगितलं. त्यांना पहिला निरोप पाठवला तेव्हा वीस फोटो जोडले होते. उत्तर सभ्य होतं, पण स्पष्ट. पाठीवरून काढलेल्या फोटोवर या गटात प्रजातीपर्यंत जाणंसुद्धा कठीण. कपाळ समोरून, शृंगिका, आणि वक्षाची बाजू दाखवा. कुठल्या लाकडातून निघाला ते लिहा. नर असेल तर जननांगं काढून पाहावी लागतील. शेवटच्या कामाची मला भीती होती. कोमट पाण्यात नमुना मऊ करायचा, उदराचं टोक सुईने उघडायचं, दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मांस विरघळवायचं, मग मागे उरलेला तपकिरी, पारदर्शक, काडीएवढा सांगाडा ग्लिसरीनमध्ये पाहायचा. पहिले दोन नमुने बिघडले. तिसऱ्याला पुतणी शेजारी बसली, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तो नीट निघाला.

लाकडाच्या प्रश्नाने खोपीची व्यवस्थाच बदलली. नमुना राशीवर सापडला म्हणजे तो त्याच लाकडातून निघाला असं होत नाही, तो नुसता येऊन बसलेला असू शकतो. म्हणून मी वेगवेगळ्या झाडांचे ओंडके वेगळे केले, प्रत्येकाला खडूने आकडा घातला आणि जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून त्यांत बांधले. घरात कुणी तक्रार केली नाही. बाबा रोज सकाळी फुलं काढायला जाताना पिशव्यांकडे एक नजर टाकतात आणि काही हललं तर मला हाक मारतात. काही ओंडके वाळवीने खाल्ले. काहींतून नुसते कुंभारमाशीएवढे दुसरेच किडे निघाले. पण किंदळाच्या चार नंबरच्या ओंडक्यातून, बांधल्यापासून दहाव्या महिन्यात, एकाच दिवशी तीन डेमोनॅक्स बाहेर आले, पट्ट्यांवरचा एकही केस न झिजलेले. इतका स्वच्छ नमुना मी आधी पाहिलाच नव्हता. तेव्हा कळलं की माझ्या पहिल्या वर्षीच्या फोटोंतले सगळेच थोडेफार फाटक्या वेषातले होते.

आज डब्यांत चौसष्ट नमुने आहेत. प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे, तीत गाव, तारीख, लाकूड, गोळा करणाऱ्याचं नाव. प्रजाती चार लागल्या, झायलोट्रेकस, क्लोरोफोरस, डेमोनॅक्स, राफुमा. जातीपर्यंत दोनच पोहोचल्या, बांबूचा आणि काजूचा. बाकीच्या चिठ्ठ्यांवर प्रजातीच्या नावापुढे जागा कोरी आहे. पूर्वी ती कोरी जागा मला खुपायची, काहीतरी लिहून टाकावंसं वाटायचं. आता चुकीच्या नावापेक्षा कोरी चिठ्ठी बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण पुढे ज्याला कुणाला हा डबा मिळेल तो नाव परत तपासेल की नाही सांगता येत नाही. छापील दिसणाऱ्या अक्षरांवर माणसं विश्वास ठेवतात. मी ठेवला होता.

आणि डेमोनॅक्स-राफुमाचं भांडण अजून मिटलेलं नाही, माझ्यापुरतंही नाही आणि अभ्यासकांतही नाही. शृंगिकेवरच्या एका काट्यावर दोन प्रजाती वेगळ्या धरणं कितपत बरोबर, असा प्रश्न विचारला जातो, कारण काही जातींत काटा इतका लहान असतो की आहे म्हणावं की नाही ते ठरत नाही. म्हणजे काट्यावर तरी किती विसंबायचं? माझ्याकडे असा एक नमुना आहे. एकच, आणि मादी. नर मिळेपर्यंत पुढे जाता येणार नाही.

तो मतीच्या अकरा नंबरच्या ओंडक्यातून निघाला होता. त्या ओंडक्याला अजून भोकं पडलेली नाहीत अशी एक बाजू शिल्लक आहे, म्हणून या वर्षी तो चुलीसाठी काढू दिला नाही, परत पिशवीत बांधला. परवा, मेच्या दुसऱ्या रविवारी, बाबांनी हाक मारली. जाळीला आतून एक बारीक पट्टेवाला चिकटला होता. पुतणीची बारावीची परीक्षा झाली आहे, ती मायक्रोस्कोपवर बसली. मी वही उघडून शेजारी. बराच वेळ ती काही बोलली नाही, छत्र सरकवून प्रकाश फिरवत राहिली.

"काकी, तिसऱ्यावर काटा आहे," ती म्हणाली. "चौथ्यावर थांब, पुन्हा बघते."